खुब्याचा अस्थिभंग आणि रुग्णालयाची वाट : वृद्ध स्त्रियांच्या दाखल-दराचा आढावा

प्रश्नाची मांडणी

वृद्ध स्त्रियांमध्ये खुब्याजवळचे हाड मोडण्याचे आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण हा वार्धक्याच्या आरोग्यशास्त्रातील एक मध्यवर्ती प्रश्न मानला जातो. पाठीचा मणका दबला तर ते दुखणे कंबरदुखीच्या नावाखाली झाकले जाते, मनगटाचे हाड मोडले तर बाह्यरुग्ण विभागात प्लास्टर घालून रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. खुब्याचे हाड मोडलेल्या स्त्रीला मात्र बहुधा उठून उभेही राहता येत नाही, तिला उचलूनच न्यावे लागते आणि शस्त्रक्रियेसाठी दाखल करावे लागते. त्यामुळे ज्या देशांत रुग्णालये सर्वांच्या आवाक्यात आहेत आणि त्यांच्या नोंदी चोख आहेत, तेथे दाखल झालेल्यांची संख्या ही मोडलेल्या खुब्यांच्या संख्येइतकीच असते असे गृहीत धरले जाते, आणि स्त्रियांच्या हाडांच्या आरोग्याची देशोदेशींची तुलना बऱ्याच अंशी या गृहीतकावर उभी असते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, विशेषतः जुहू आणि त्याच्या आसपासच्या वस्तीत, हे गृहीतक कितपत टिकते आणि ते टिकत नसेल तर उपलब्ध आकडे कसे वाचावेत, हा प्रस्तुत आढाव्याचा विषय आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल डोके असते, ते कमरेच्या हाडातील उखळीसारख्या खोबणीत बसते, आणि डोके व हाडाचा दांडा यांना जोडणारा तिरका, निमुळता भाग ‘मान’ म्हणून ओळखला जातो. या मानेवर मोडलेले हाड आणि मानेच्या खाली, स्नायू जिथे चिकटतात त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये मोडलेले हाड, असे खुब्याच्या अस्थिभंगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात डोक्याकडे जाणारा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असल्याने ते हाड आपोआप जुळून येण्याची शक्यता कमी असते. दुसऱ्या प्रकारात रक्तपुरवठा चांगला असतो, पण हाडाचे तुकडे सरकून पाय आखूड होतो व बाहेरच्या बाजूस वळतो. दोन्ही प्रकार वृद्ध स्त्रियांमध्ये बहुतेक वेळा उभ्या उंचीवरून पडल्यानेच होतात, म्हणून वैद्यकीय लिखाणात त्यांची गणना ‘ठिसूळपणामुळे झालेल्या अस्थिभंगां’त केली जाते.

दाखल होण्याचा दर म्हणजे ठरावीक वयाच्या दर एक लाख स्त्रियांमागे एका वर्षात या कारणाने रुग्णालयात आलेल्या स्त्रियांची संख्या. या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात : हाड किती कमकुवत आहे, स्त्री किती वेळा आणि कशी पडते, आणि हाड मोडल्यावर ती रुग्णालयापर्यंत पोहोचते की नाही. पहिल्या दोन गोष्टी शरीराच्या आणि घराच्या आहेत, तर तिसरी पैशाची, अंतराची आणि कुटुंबातील निर्णयाची आहे. या तिन्हींचा हिशेब वेगळा केल्याशिवाय कमी दराचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

जगाचे चित्र

जगभरातील आकड्यांचा पहिला मोठा अंदाज १९९२मध्ये कूपर, कँपियन आणि मेल्टन यांनी मांडला. त्यानुसार १९९०मध्ये जगात खुब्याचे सुमारे १६ लाख ६० हजार अस्थिभंग झाले होते आणि २०५०पर्यंत ही संख्या सुमारे ६२ लाख ६० हजारांवर जाईल, व त्यातील निम्म्याच्या आसपास वाटा आशियाचा असेल, असे भाकीत होते. आशियाई देशांच्या अस्थिविरलता संघटनांच्या महासंघाने २०१८मध्ये भारतासह नऊ देश व प्रदेशांसाठी केलेल्या अंदाजात त्या वर्षीचा आकडा सुमारे ११ लाख २४ हजार आणि २०५०चा सुमारे २५ लाख ६३ हजार असा आला. दोन्ही अंदाजांत वाढीचे प्रमुख कारण एकच आहे, ते म्हणजे वृद्धांच्या, आणि त्यातही दीर्घायुषी स्त्रियांच्या, संख्येत होणारी वाढ.

संख्या वाढणे आणि दर वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पाश्चात्त्य देशांच्या अनुभवातून हा फरक स्पष्ट होतो. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांमध्ये वयप्रमाणित दर, म्हणजे लोकसंख्येतील वयोगटांचे प्रमाण सारखे मानून काढलेला दर, १९८६च्या सुमारास लाखामागे सुमारे ९६४ होता, तो १९९५च्या सुमारास १,०५१पर्यंत चढला आणि २००५च्या सुमारास ७९४पर्यंत उतरला. ही घट २०१२नंतर मंदावली व पुढील काही वर्षे दर जवळपास जागीच थबकला. या घटीचे श्रेय सुरुवातीला १९९५पासून उपलब्ध झालेल्या, हाडांची झीज रोखणाऱ्या ॲलेंड्रोनेट आणि त्या वर्गातील औषधांना दिले गेले. परंतु फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीत १९७० ते २०१० या काळातील घट धूम्रपान आणि अतिमद्यपान कमी होण्याशी जुळत असल्याचे आढळले, त्यामुळे औषधांपेक्षा पिढ्यापिढ्यांमधील राहणीमानाच्या फरकाचा वाटा मोठा असावा असे आता अनेक अभ्यासक मानतात.

देशादेशांमधील तफावत त्याहूनही मोठी आहे. कॅनिस आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये संकलित केलेल्या वयप्रमाणित आकड्यांत डेन्मार्कच्या स्त्रियांचा दर लाखामागे ५७४, नॉर्वेचा ५६३, स्वीडनचा ५३९ होता, तर दुसऱ्या टोकाला ट्युनिशियाचा ५८ आणि नायजेरियाचा केवळ २ होता. स्कँडिनेव्हियातील उंच स्त्रिया, बर्फाळ रस्ते आणि हिवाळ्यातील अंधार यांतून या तफावतीचा काही भाग समजतो. पण नायजेरियातील दोन या आकड्यात तेथील स्त्रियांच्या हाडांची ताकद किती आणि तेथील रुग्णालयांपर्यंत न पोहोचलेल्या स्त्रियांचा वाटा किती, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही. आफ्रिकेचे आकडे वाचताना जी सावधगिरी सर्वमान्य आहे, ती भारताचे आकडे वाचताना अनेकदा विसरली जाते.

आशियातील शहरीकरणाचा अनुभव म्हणून सिंगापूरचे उदाहरण महत्त्वाचे आहे. १९९०च्या दशकात तेथील पन्नाशीपुढील स्त्रियांमधील दर लाखामागे सुमारे ४०० होता आणि १९६०च्या दशकाच्या तुलनेत तो सुमारे पाचपट झाला होता. त्याच शहरात चिनी वंशाच्या स्त्रियांमधील दर मलय आणि भारतीय वंशाच्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे, म्हणजेच घरे, रस्ते आणि रुग्णालये समान असूनही वंश, शरीररचना आणि आहार यांतून फरक उरतो. अस्थिभंगाचा पुढील दहा वर्षांचा धोका सांगणाऱ्या ‘फ्रॅक्स’ या गणनापद्धतीची भारतीय आवृत्ती तयार करताना सिंगापूरमधील भारतीयांच्या दरांचाच आधार घेतला गेला होता, यावरून भारतातील प्रत्यक्ष मोजणी किती तुटपुंजी होती याची कल्पना येते.

भारतातील मोजणी

भारतातील लोकसंख्येवर आधारित आकड्यांसाठी सर्वाधिक उल्लेखला जाणारा अभ्यास हरियाणातील रोहतक जिल्ह्याचा आहे. धनवाल, सिवाच आणि सहकाऱ्यांनी २००९ या वर्षातील अस्थिभंगांची मोजणी करून २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात पन्नाशीपुढील व्यक्तींमधील ढोबळ दर लाखामागे १२९ आला. स्त्रियांमध्ये तो १५९ आणि पुरुषांमध्ये १०५ होता. हा दर वयप्रमाणित नसल्यामुळे डेन्मार्कच्या ५७४शी त्याची थेट तुलना करता येत नाही. रोहतकमध्ये पन्नाशीपुढील स्त्रियांत ऐंशीच्या पुढील स्त्रिया तुलनेने थोड्या असतात, आणि खुब्याचा अस्थिभंग हा मुख्यतः त्या वयाचा आजार असल्यामुळे वयोरचनेमुळेही भारतीय दर कमी दिसतो.

या आकड्यांतील स्त्री-पुरुष प्रमाणही विचार करण्यासारखे आहे. पाश्चात्त्य देशांत स्त्रियांमधील दर पुरुषांच्या सुमारे दुप्पट असतो, रोहतकमध्ये तो दीडपट आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने हाडांची झीज वेगाने होते, आणि भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७व्या वर्षाच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते. तेव्हा शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिल्यास भारतात स्त्रियांचे आधिक्य अधिक असावयास हवे होते. भारतीय पुरुषांची हाडेही कमकुवत असणे हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. दुसरे स्पष्टीकरण असे की पडलेल्या म्हाताऱ्या बाईला रुग्णालयात नेण्याचा निर्णय घरातील पुरुषाच्या बाबतीत घेतला जातो तितक्या सहज घेतला जात नाही. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकतात, आणि केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून त्यांतील निवाडा होऊ शकत नाही.

अप्रत्यक्ष पुरावा मुंबईतील एका संस्थेने पुरवला आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची ‘लासी’ या नावाने ओळखली जाणारी देशव्यापी पाहणी केली, आणि तीत साठीपुढील सुमारे १२ ते १३ टक्के व्यक्तींनी मागील दोन वर्षांत पडल्याचे सांगितले. घरोघरी जाऊन विचारलेला हा प्रश्न रुग्णालयाच्या दारावर अवलंबून नाही, म्हणून दाखल-दराची उलटतपासणी करण्यासाठी अशा पाहण्यांचे मोल मोठे आहे.

जुहू : अंश आणि छेद

जुहू हे मुंबई महानगरपालिकेच्या के-पश्चिम विभागात येते. अंधेरी पश्चिम, विलेपार्ले पश्चिम, वर्सोवा आदी भाग सामावणाऱ्या या विभागाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख होती. दर काढण्यासाठी लागणारा छेद, म्हणजे ठरावीक वयाच्या स्त्रियांची एकूण संख्या, त्याच जनगणनेवरून घ्यावी लागते. त्यानंतरची जनगणना २०२७ची असल्यामुळे मधल्या काळातील पुनर्विकास, स्थलांतर आणि वाढलेले आयुर्मान यांचा हिशेब अंदाजानेच करावा लागतो. २०११मध्ये महाराष्ट्रात साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख होते, आणि देशातील हे प्रमाण २०३६पर्यंत १५ टक्क्यांच्या जवळ जाईल असा सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. एखाद्या विभागात पन्नाशीपुढील स्त्रिया पन्नास हजार आहेत असे केवळ उदाहरणादाखल मानले, तर रोहतकच्या दराने तेथे वर्षाला सुमारे ऐंशी आणि १९९०च्या दशकातील सिंगापूरच्या दराने सुमारे दोनशे स्त्रियांचे खुबे मोडावेत. मुंबईचे खरे स्थान या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असण्याचा संभव अधिक, आणि या दोन आकड्यांतील अंतर एका अस्थिरोग विभागाच्या खाटांचे नियोजन पूर्णपणे बदलून टाकण्याइतके मोठे आहे.

अंशाची, म्हणजे दाखल झालेल्या स्त्रियांच्या संख्येची, अडचण निराळी आहे. जुहू-विलेपार्ले परिसरात महापालिकेचे डॉ. रुस्तम नरसी कूपर रुग्णालय आहे आणि २०१५पासून त्याला हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. स्वामी विवेकानंद मार्गावर नानावटी रुग्णालय आहे. रेल्वेमार्गाच्या पलीकडे जोगेश्वरीत महापालिकेचे ट्रॉमा केअर रुग्णालय आहे. आणि या मोठ्या संस्थांच्या मधल्या गल्ल्यांत दहा-वीस खाटांची अनेक खासगी नर्सिंग होम आहेत. कूपरमध्ये दाखल होणारी वृद्धा जुहूचीच असेल असे नाही, ती ओशिवऱ्याची किंवा थेट विरारहून आणलेली असू शकते. उलट जुहूतील एखादी वृद्धा मुलीच्या घरी मुलुंडला असताना पडली तर तिची नोंद तिकडे होते. नर्सिंग होममध्ये एक रात्र काढून, हृदयाची तपासणी करून, मग खर्च झेपत नाही म्हणून पालिकेच्या रुग्णालयात हलवलेली स्त्री दोन ठिकाणी मोजली जाते, तर टाके चिघळल्याने पुन्हा दाखल झालेली स्त्री नव्या अस्थिभंगाची रुग्ण म्हणून चुकून गणली जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात या दुखापतीसाठी एस-७२ हा संकेतांक आहे आणि त्याचे पोटविभाग मान, उंचवट्यांमधील भाग व त्याखालील भाग वेगळे दाखवतात. परंतु डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘फ्रॅक्चर फीमर’ लिहिले गेले की तरुणाचा मोटारसायकल अपघात आणि आजीचे न्हाणीघरातले पडणे कागदावर एकच होऊन बसते.

जी स्त्री हाड मोडूनही रुग्णालयात पोहोचत नाही, ती या सर्व नोंदींच्या बाहेर राहते. मानेच्या काही अस्थिभंगांत मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात, अशी स्त्री लंगडत का होईना काही दिवस चालते, आणि घरात ‘मुका मार आहे’, ‘लचक भरली’ असे म्हणून तेल चोळून शेक दिला जातो. टोके सुटून पाय पूर्ण बसला की मगच एक्स-रे काढला जातो. काही कुटुंबे प्रथम हाडवैदाकडे जातात. वय नव्वदीच्या घरात असेल, आधीच स्मृतिभ्रंश असेल, तर ‘आता या वयात ऑपरेशन नको’ असा निर्णय घरातच होतो आणि ती स्त्री अंथरुणाला खिळून राहते. पाठीला शय्याव्रण होणे, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणे, पायात रक्ताची गुठळी होणे या गुंतागुंतींतून तिचा मृत्यू झाला तर मृत्यूच्या दाखल्यावर मोडलेल्या खुब्याचा उल्लेख असेलच असे नाही.

पडण्याची जागा आणि हाडाची घडण

तरुणांचे अस्थिभंग रस्त्यावर होतात, वृद्धांचे बहुतांश घरात होतात. २०२०च्या टाळेबंदीत अनेक देशांतील रुग्णालयांत रस्त्यावरील अपघातांचे रुग्ण एकदम घटले, परंतु खुब्याच्या अस्थिभंगांची संख्या त्या मानाने फारशी घटली नाही, कारण घरात कोंडलेल्या वृद्धा घरातच पडत होत्या. जुहूच्या संदर्भात ‘घर’ या एकाच नावाखाली परस्परांपासून फार वेगळ्या जागा येतात : विलेपार्ले-जुहू योजनेतील संगमरवरी फरशीचे बंगले आणि सदनिका, जुहू कोळीवाडा आणि गावठाणातील अरुंद जिन्यांची घरे, आणि नेहरूनगरसारख्या वस्तीतील, रात्री सार्वजनिक शौचालयापर्यंत चालत जावे लागणाऱ्या खोल्या. जुहूतील लष्करी बिनतारी केंद्राभोवतीच्या बांधकामांच्या उंचीवर १९७६पासून मर्यादा असल्याने तेथील बऱ्याच जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडला आहे, आणि अशा जुन्या, ठेंगण्या इमारतींत लिफ्ट नसेल तर वरच्या मजल्यावरील वृद्धेचे बाहेर पडणेच कमी होते, त्यातून पायांचे स्नायू अशक्त होतात आणि अशक्त पायांमुळे पडण्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात ओल्या झालेल्या फरश्या, सरकणारे पायपुसणे, न्हाणीघराच्या दारातील उंबरा, रात्री लघवीला उठताना न लावलेला दिवा, मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या औषधांनी उठताच येणारी भोवळ आणि मधुमेहामुळे बधिर झालेले तळवे ही कारणे मात्र बंगल्यात आणि खोलीत सारखीच आढळतात.

हाडाच्या घडणीबाबत दोन परस्परविरोधी बाजू आहेत. आशियाई स्त्रियांमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाचा अक्ष गोऱ्या स्त्रियांपेक्षा आखूड असतो, आणि त्यामुळे कुशीवर पडताना मानेवर येणारा ताण कमी होतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. जमिनीवर बसण्या-उठण्याच्या सवयीने मांडीचे स्नायू आणि तोल टिकतो असेही सुचवले जाते. उलट बाजूला, भारतीय स्त्रियांची हाडे लहान आणि त्यांची खनिजघनता कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये घालून दिलेल्या व्याख्येनुसार तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण-विचलनांनी किंवा त्याहून अधिक कमी घनता म्हणजे अस्थिविरलता होय, आणि ही घनता ‘डेक्सा’ या कमी मात्रेच्या क्ष-किरण तपासणीने मोजली जाते.

ड-जीवनसत्त्वाची कमतरता हा या बाजूचा सर्वांत ठळक भाग आहे. परळच्या केईएम रुग्णालयातील अंतःस्रावशास्त्र विभागाने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३५ वयोगटातील अकराशेहून अधिक निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये ही कमतरता आढळली. तरुणांचीच अशी स्थिती असेल तर घरात राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांची याहून बरी असण्याचे कारण नाही. जुहूच्या किनाऱ्यावर पहाटे फेरफटका मारणाऱ्यांना कोवळ्या उन्हातून हे जीवनसत्त्व भरपूर मिळते हा समज चुकीचा आहे, कारण त्वचेत ते तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातच शोषले जातात, आणि ते पुरेसे मिळण्याची वेळ साधारणतः सकाळी दहा ते दुपारी तीन ही, म्हणजे मुंबईकर सावली शोधतो तीच आहे. सावळी त्वचा, अंगभर कपडे, हवेतील धूर आणि पावसाळ्याचे चार महिने यांची त्यात भर पडते.

आहाराच्या बाबतीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०मध्ये प्रौढांसाठी रोज १,००० आणि रजोनिवृत्त स्त्रियांसाठी १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी हा कोळीवाड्याच्या स्वयंपाकातील त्याचा जुना स्रोत आहे. नाचणीची भाकरी मागे पडून पाव आणि मैद्याचे पदार्थ पुढे आले, दुधाचा पेला नातवंडांकडे गेला आणि आजीच्या वाट्याला चहापुरते दूध उरले, हा शहरी घरांतील बदल बऱ्या घरांतही दिसतो.

दाखल झाल्यानंतर

उपचाराची दिशा गेल्या काही दशकांत पूर्ण बदलली आहे. पूर्वी पायाला वजन लावून स्त्रीला कित्येक आठवडे निजवून ठेवले जाई. आज मानेच्या सरकलेल्या अस्थिभंगात मोडलेले डोके काढून धातूचे कृत्रिम डोके किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवला जातो, ज्याला बोलीत ‘बॉल बदलला’ म्हणतात, आणि उंचवट्यांमधील अस्थिभंगात स्क्रू-प्लेट किंवा हाडाच्या पोकळीत घातलेला नेल वापरला जातो, ज्याला ‘रॉड टाकला’ म्हणतात. दोन्हींचे उद्दिष्ट एकच, की शक्यतो दुसऱ्या दिवशी वॉकर धरून स्त्रीला उभे करावे.

शस्त्रक्रिया लवकर व्हावी याबद्दल एकमत आहे, किती लवकर याबद्दल थोडा वाद आहे. ब्रिटनमध्ये २००७मध्ये राष्ट्रीय खुबा-अस्थिभंग नोंदवही सुरू झाली, ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया हा निकष ठरला आणि २०१०पासून निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना वाढीव मोबदला मिळू लागला. भारतासह १७ देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ चाचणीत निदानानंतर सहा तासांत शस्त्रक्रिया केल्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही, पण शस्त्रक्रियेनंतरचा बुद्धिभ्रम आणि तीव्र वेदना कमी झाल्या आणि रुग्ण लवकर उभे राहिले. मुंबईत मात्र वेळ प्रामुख्याने शस्त्रक्रियागृहाच्या आधीच जातो : हृदयरोगतज्ज्ञाकडून ‘फिटनेस’ मिळणे, रक्त पातळ करणारी गोळी थांबवून वाट पाहणे, रक्ताची आणि इम्प्लांटच्या पैशांची सोय करणे, आणि परदेशातील मुलाशी बोलणे होईपर्यंत संमतीपत्रावर सही न होणे.

पैशांच्या बाजूने काही दारे उघडली आहेत. २०१२मध्ये मुंबई व मुंबई उपनगरासह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि ऑक्टोबर २०२४पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. या योजनांमुळे येत्या काही वर्षांत दाखल होणाऱ्या वृद्ध स्त्रियांची संख्या वाढली, तर ती वाढ हाडे अधिक ठिसूळ झाल्याची खूण मानण्याआधी आजवर घरातच राहिलेल्या स्त्रिया आता रुग्णालयात येत आहेत का, हे तपासावे लागेल.

दाखल होणे म्हणजे बरे होणे नव्हे. अमेरिकेत या अस्थिभंगानंतर वर्षभरात सुमारे २२ टक्के स्त्रिया दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी अनेकींना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे चालता येत नाही. एक खुबा मोडलेल्या स्त्रीला पुढचा अस्थिभंग होण्याचा धोका मोठा असतो, तरी डिस्चार्जच्या कागदावर वेदनाशामक आणि प्रतिजैविक लिहिले जाते आणि ठिसूळपणावरील औषध राहून जाते, ही त्रुटी जगभर नोंदली गेली आहे. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाने खुब्याचे अस्थिभंग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७च्या चाचणीत दिसले होते, तेव्हा ही त्रुटी औषध नसल्यामुळे नाही, ते देण्याची जबाबदारी अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्यामध्ये कुणाचीच न ठरल्यामुळे आहे.

प्रतिबंधाचा पुरावा

ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या साडेबारा हजारांच्या आसपास स्त्रियांवर झालेल्या चाचणीत प्रश्नावलीने धोका ओळखून पुढची तपासणी व उपचार दिल्यावर खुब्याचे अस्थिभंग २८ टक्क्यांनी घटले. तोल आणि ताकद वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे २०१९च्या व्यापक पुरावा-परीक्षणातून निघाले. ड-जीवनसत्त्वाबाबतचे निष्कर्ष मात्र वरकरणी विसंगत आहेत : फ्रान्समधील वृद्धाश्रमांतील ८४ वर्षे सरासरी वयाच्या स्त्रियांना १९९२च्या चाचणीत कॅल्शियमसह ते दिल्याने खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी घटले, तर अमेरिकेतील सुमारे २६ हजार निरोगी प्रौढांवरील २०२२च्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. या दोन्हींची संगती अशी लागते, की ज्यांच्या शरीरात कमतरता आहे त्यांनाच ते देण्याचा उपयोग होतो. आणि मुंबईच्या घरात बसलेल्या वृद्धेची अवस्था अमेरिकेतील निरोगी स्वयंसेवकांपेक्षा फ्रान्समधील वृद्धाश्रमाच्या जवळची आहे.

निष्कर्ष

या सर्व साहित्यातून निघणारा निष्कर्ष असा, की भारतातील कमी दाखल-दर हा भारतीय स्त्रियांची हाडे भक्कम असल्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. तो अंशतः तरुण वयोरचनेचा, अंशतः शरीररचनेचा आणि अंशतः रुग्णालयाबाहेर राहिलेल्या स्त्रियांचा आकडा आहे, आणि हे तीन भाग वेगळे करण्याचे काम मोजणीशिवाय होणार नाही. अशा मोजणीचा नमुना मुंबईतच आहे. भारतीय कर्करोग सोसायटीने १९६३मध्ये येथे देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू केली, आणि तिचे कर्मचारी रुग्णालयांकडून माहिती येण्याची वाट न पाहता स्वतः रुग्णालयांत जाऊन, रुग्ण मुंबईचा रहिवासी आहे की नाही हे तपासून, दुहेरी नोंदी गाळून आणि पालिकेच्या मृत्युनोंदींशी पडताळून आकडे काढतात. खुब्याचा अस्थिभंग हा कर्करोगापेक्षा ओळखायला सोपा आहे, एका एक्स-रेत त्याचे निदान बहुधा पक्के होते, आणि के-पश्चिमसारख्या एका विभागापासून आरंभ केल्यास कामाचा आवाकाही मर्यादित राहतो. कूपर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिरोग विभाग, पालिकेचे आरोग्य खाते आणि पोषणशास्त्र शिकवणारा जुहूचा श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर हे तिन्ही पश्चिम उपनगरांतच कार्यरत आहेत. त्यांनी मिळून वयाची पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीच्या मोडलेल्या खुब्याची, ती दाखल झालेली असो वा घरीच राहिलेली असो, पाच वर्षे सलग नोंद ठेवावी. तोपर्यंत या आजारासाठी खाटा, निधी आणि औषधे ठरवताना कमी दराचा दाखला देणे थांबवावे.